अश्वारोहिणी लिस हार्टेल

घोडेस्वारी ही मुख्यतः पायांची विद्या आहे. लगाम हातांत असतो हे खरे. परंतु स्वाराची मांड पक्की राहते ती मांड्यांच्या व गुडघ्यांच्या बळावर. घोड्यास पुढे काढावयाचे असो, बाजूस सरकवावयाचे असो की त्याची चाल बदलावयाची असो, रिकिबीतील पाऊल आणि पोटरीचा दाब ह्यांच्याच द्वारे त्यास बहुतेक सर्व सांगावे लागते. अशा ह्या विद्येत, जिच्या पायांतील शक्ती गुडघ्यांखाली पार नाहीशी झाली होती अशा एका स्त्रीने ऑलिंपिक सामन्यांत दोन वेळा रौप्यपदक मिळवावे, आणि तेही पुरुषांशी बरोबरीने स्पर्धा करून, ही हकीकत कोणासही कल्पित वाटेल. परंतु ती अक्षरशः घडलेली आहे. डेन्मार्क देशातील श्रीमती लिस हार्टेल ह्यांचे हे चरित्र आम्ही आमच्या ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः ज्यांच्या घरी शिकती मुले व मुली आहेत अशा कुटुंबांपुढे, ठेवीत आहोत.

लिस ह्यांचा जन्म १४ मार्च १९२१ रोजी हेलेरुप येथे झाला. कोपनहेगन ह्या डेन्मार्कच्या राजधानीस लागूनच उत्तरेकडे हे समुद्राकाठचे उपनगर आहे. त्यांचे माहेरचे आडनाव होल्स्ट. घरात घोड्यांचा नाद होता, आणि लिस ह्यांस स्वारीचे पहिले धडे त्यांच्या मातोश्री एल्से होल्स्ट ह्यांनीच दिले. मुलीच्या अंगचे गुण ओळखून त्यांनी पुढे तिला गुन्नार अँडरसन ह्या नामांकित शिक्षकांच्या हाती सोपविले. त्या वेळी लिस तेरा-चौदा वर्षांची होती. मुलीला छंद आहे तर असू द्यावा, एवढ्यावर आई थांबली नाही; तो छंद शिस्तीने व चांगल्या गुरूपाशी वाढला पाहिजे, हे तिने पाहिले. पुढील साऱ्या कथेत ही आई आणि हे गुरू पुन्हा पुन्हा येतील, म्हणून वाचकांनी त्यांची नावे ध्यानात ठेवावीत.

येथे ह्या खेळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. युरोपात अश्वारोहणाच्या स्पर्धांचे तीन मुख्य प्रकार मानतात. पहिल्यात आखाड्यात उभारलेल्या कुंपणांवरून व आडव्या दांड्यांवरून घोडा उडवावयाचा असतो. दुसरा प्रकार अनेक दिवस चालणारा असून त्यात रानावनांतील दौडही येते. तिसऱ्यास ड्रेसाज म्हणतात, आणि तो सर्वांत सूक्ष्म समजला जातो. साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा चौकात स्वाराने एकट्याने उतरावयाचे, आणि ठरलेल्या क्रमाने घोड्याकडून निरनिराळ्या चाली करवून घ्यावयाच्या. जागच्या जागी पावले उचलीत दुडकी चालणे, तिरकस सरकणे, दौडता दौडता पुढचा पाय बदलणे, आणि मध्येच पुतळ्यासारखे निश्चल उभे राहणे, असे प्रकार त्यात येतात. तोंडाने आवाज करून घोड्यास सांगण्याची मुभा नसते. स्वार काही सांगतो आहे हे पाहणाऱ्यास दिसता कामा नये. घोडा जणू आपखुशीने नाचतो आहे असे वाटले पाहिजे. प्रत्येक चालीस परीक्षक गुण देतात. तरुण लिस ह्यांनी उड्यांच्या स्पर्धांतही भाग घेतला होता. परंतु त्यांचे खरे प्रावीण्य ह्या तिसऱ्या प्रकारात होते.

१९४० च्या एप्रिलपासून डेन्मार्क जर्मन फौजांच्या ताब्यात होता. त्या पारतंत्र्याच्या काळातही तेथील स्वारांनी आपल्या राष्ट्रीय स्पर्धा चालू ठेवल्या होत्या. लिस ह्यांचा विवाह फिन हार्टेल ह्यांच्याशी झाला. तेही घोडेस्वारच होते. विवाह झाला, पहिली मुलगी झाली, तरी बाईंची रपेट थांबली नाही. १९४३ साली व पुन्हा १९४४ साली त्या डेन्मार्कच्या ड्रेसाजमधील राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. वय अवघे तेवीस. हाती कला, पाठीशी कुटुंब, आणि पुढे सारे आयुष्य. अशा ऐन भरात असता त्यांच्यावर घाला पडला.

१९४४ च्या सप्टेंबर महिन्यात हार्टेलबाईंना पोलिओ झाला. त्या वेळी त्या दुसऱ्यांदा गरोदर होत्या. ह्या रोगास आपल्याकडे पूर्वी बालपक्षाघात म्हणत. कारण तो बहुधा लहान मुलांस होतो. परंतु थोर माणसांनाही तो सोडीत नाही. ह्या रोगाचे विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर हल्ला करतात आणि स्नायूंना हालचालीची आज्ञा पोचविणाऱ्या पेशींचा नाश करतात. त्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. स्पर्शज्ञान मात्र शाबूत राहते. पायास थंडी कळते, टोचलेले कळते, परंतु पाय उचलू म्हटले तर उचलत नाही. रोगाचा जोर ओसरल्यावर, ज्या थोड्या पेशी वाचलेल्या असतात त्या शेजारच्या निराधार स्नायुतंतूंचाही भार हळूहळू उचलू लागतात. रोग्याच्या सुधारणेस आधार असतो तो एवढाच. त्या काळी पोलिओवर लस नव्हती, आणि उपचार म्हणजे शुश्रूषा, व्यायाम आणि कालहरण.

हार्टेलबाईंचे जवळजवळ सारे शरीर लुळे पडले होते. हात उचलत नव्हते, पाय हलत नव्हते. पोटातील बाळाचे काय होणार ही चिंता वेगळीच. परंतु १९४५ च्या प्रारंभी त्यांना दुसरी मुलगी झाली, आणि ती सुदृढ निपजली. आईच्या अंगी मात्र तिला उचलून घेण्याचेही बळ नव्हते. कुबड्यांच्या आधाराने ही बाई चालू लागली तरी पुष्कळ झाले, असाच वैद्यांचा अंदाज होता. पुन्हा घोड्यावर बसण्याचा विचार तर कोणाच्याही मनात आला नसता. तो आला एकट्या त्यांच्याच मनात.

त्यांनी आरंभ केला तो हातांपासून. आई व पती ह्यांच्या मदतीने आधी दंड उचलावयाचे, मग कोपर वाकवावयाचा, असे एकेका स्नायूस जागे करण्याचे काम सुरू झाले. त्यानंतर मांड्यांची पाळी आली. मग लहान मुलाप्रमाणे जमिनीवर रांगणे. जी स्त्री वर्षापूर्वी देशातील सर्वोत्तम स्वार होती, ती आपल्या घराच्या जमिनीवर हातापायांवर रांगत होती. आणि घरात तिचेच तान्हे मूल तिच्यापाठोपाठ तोच धडा गिरविण्याच्या वयास येत होते. सुमारे आठ महिन्यांनी दोन काठ्यांच्या आधाराने त्या उभ्या राहून चालू लागल्या. हात पुष्कळ अंशी सुधारले, मांड्यांत बळ आले. गुडघ्यांखाली मात्र काही परत आले नाही. पोटऱ्या आणि पावले जन्मभर लुळीच राहिली.

बहुतेक कथांमध्ये नायक शेवटी पूर्ववत् होतो आणि सर्व गोड होते. हार्टेलबाई पूर्ववत् झाल्या नाहीत, आणि ह्याच ठिकाणी आमच्या मते त्यांच्या चरित्राचा खरा मोठेपणा आहे. जे गेले ते परत मिळण्याची वाट पाहत त्या बसल्या असत्या तर आयुष्य संपले असते. त्यांनी उरलेल्याचा हिशेब केला. पाठ आहे, कंबर आहे, मांड्यांत काही जोर आहे, हात आहेत, आणि घोड्याच्या अंगाची प्रत्येक हालचाल आपल्या अंगास कळण्याची पूर्वीची जाण तशीच आहे. एवढ्या भांडवलावर स्वारी बसवावयाची, असे त्यांनी ठरविले.

त्यांना खोगिरावर दुसऱ्यांनी उचलून बसवावे लागे, आणि उतरवूनही घ्यावे लागे. प्रथम प्रथम घोडा केवळ पावलापावलाने चाले, तरी तोल राहत नसे. पायांची पकड नसल्यामुळे त्या पडत. निरोगी मनुष्य पडताना आपोआप स्वतःस सावरतो. त्यांना तेही शक्य नव्हते. घरच्यांना भीती वाटे, आणि ती वाटणे स्वाभाविक होते. तरीही पतीने व आईने त्यांना अडविले नाही, आणि गुरू अँडरसन ह्यांनी आपली शिष्या पांगळी झाली म्हणून शिकवणी सोडली नाही.

ह्या कामी त्यांना लाभलेली घोडी म्हणजे ज्युबिली. तापट घोडा अशा स्वाराच्या उपयोगाचा नव्हता. शांत स्वभावाची, विश्वासाची व हळव्या अंगाची घोडी हवी होती. कारण तिला आता एक नवीनच भाषा शिकावयाची होती. इतर घोडी टाचेच्या व पोटरीच्या दाबावरून स्वाराचे मनोगत ओळखतात. ज्युबिलीला ते ओळखावयाचे होते खोगिरावरील भाराच्या किंचित् सरकण्यावरून, पाठीच्या ताणावरून, कमरेच्या अल्पशा वळणावरून. एक बाजू जराशी जड झाली की तिकडे वळावयाचे, पाठ किंचित् ताठ झाली की आखडते घ्यावयाचे, अशी ही भाषा. ती दोघींनी मिळून रचली असे म्हणावयास हरकत नाही. ड्रेसाजमध्ये स्वाराच्या सूचना अदृश्य असाव्यात हा दंडक वर सांगितलाच आहे. जी गोष्ट इतर स्वार कौशल्य म्हणून साधीत, ती हार्टेलबाईंना गरज म्हणून साधावी लागली. आणि गरजेपोटी साधलेली विद्या कशी पक्की बसते, हे शिक्षकाचा पेशा केलेल्या आम्हांस वेगळे सांगावयास नको.

१९४७ साली, दुखण्यानंतर तीन वर्षांच्या आत, स्कँडिनेव्हियन देशांच्या स्पर्धेत स्त्रियांच्या ड्रेसाजमध्ये त्यांनी दुसरा क्रमांक पटकावला. परंतु ह्याहून वरच्या पायरीचे दार त्यांना बंद होते, आणि त्याचा त्यांच्या पायांशी काहीही संबंध नव्हता.

ऑलिंपिकमध्ये अश्वारोहण १९१२ पासून नियमितपणे होत आले होते; पण त्यात भाग घेण्याचा अधिकार सनदी लष्करी अधिकारी आणि हौशी प्रतिष्ठित गृहस्थ ह्यांपुरताच ठेवलेला होता. स्त्रियांना प्रवेश नव्हता. इतकेच नव्हे, तर सैन्यातील साध्या शिपायालाही नव्हता. ह्या नियमाचे टोक किती तीक्ष्ण होते हे लंडन येथील १९४८ च्या सामन्यांत दिसले. ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक स्वीडनने जिंकले. त्या संघातील गेन्नाल पेर्सन हा हवालदाराच्या दर्जाचा स्वार असून, केवळ सामन्यांपुरता त्यास अधिकाऱ्याचा हुद्दा देण्यात आला होता. सामने होताच तो पुन्हा मूळ जागी गेला. ही गोष्ट उघडकीस आल्यावर १९४९ साली स्वीडनचे पदक काढून घेऊन ते फ्रान्सच्या संघास देण्यात आले. पेर्सनच्या स्वारीत कोणीही खोट काढली नव्हती. खोट होती ती त्याच्या खांद्यावरील फितीत. गुण पाहावयाचे की हुद्दा, हा प्रश्न त्यामुळे साऱ्या जगापुढे उभा राहिला. ह्या प्रकरणावर पुष्कळ टीका झाली, आणि १९५२ च्या सामन्यांपासून नियम बदलला. हुद्द्याची अट गेली, आणि ड्रेसाजमध्ये स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने उतरण्यास मुभा मिळाली.

१९५२ चे ऑलिंपिक सामने फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकी येथे, झाले. ड्रेसाजची परीक्षा जुलैच्या अखेरीस होती. स्पर्धकांत चार स्त्रिया होत्या: जर्मनीच्या इडा फॉन नागेल, अमेरिकेच्या मार्जोरी हेन्स, नॉर्वेच्या एल्सा क्रिस्टोफर्सन आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल. बाकी बहुतेक सर्व स्पर्धक घोडदळात मुरलेले पुरुष. हार्टेलबाईंना नेहमीप्रमाणे उचलून ज्युबिलीवर बसविण्यात आले, आणि त्या चौकात उतरल्या. एकदा घोडी चालू लागली की पाहणाऱ्यास काहीच वेगळे दिसण्यासारखे नव्हते. ज्या स्वाराच्या सूचना मुळीच दिसत नाहीत तो उत्तम, असा जेथे निकष, तेथे ह्या स्वाराचे पाय सूचना देऊच शकत नाहीत, हे कोणाच्या लक्षात यावे?

निकाल लागला. स्वीडनचे हेन्री सेंट सीर ५६१ गुणांनी पहिले आले. हार्टेलबाईंना ५४१.५ गुण मिळून रौप्यपदक मिळाले. फ्रान्सचे आंद्रे जूसोम ५४१ गुणांनी तिसरे आले. अवघ्या अर्ध्या गुणाचे हे अंतर! अश्वारोहणात व्यक्तिगत ऑलिंपिक पदक मिळविणारी ही पहिली स्त्री. त्यांच्या पायांसाठी एकही गुण जादा देण्यात आलेला नव्हता. तसा नियमच नव्हता, आणि त्यांनी तो मागितलाही नव्हता.

पदके देण्याची वेळ आली तेव्हा घोड्यावरून उतरून व्यासपीठाची पायरी चढणे भाग होते. येथे मात्र प्रेक्षकांपैकी अनेकांस प्रथमच कळले की ह्या बाईंना धड चालता येत नाही. सुवर्णपदक जिंकलेले सेंट सीर पुढे झाले आणि त्यांनी आधार देऊन आपल्या प्रतिस्पर्धिनीस व्यासपीठावर चढविले. ऑलिंपिकच्या इतिहासात हा प्रसंग अजून आदराने सांगितला जातो. आम्हांस त्यातील आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९४८ साली ज्या स्वीडिश संघाचे सुवर्णपदक हुद्द्याच्या अटीपायी गेले, त्यात हे सेंट सीर होते. आणि ज्या फ्रेंच संघास ते मिळाले, त्यात हे जूसोम होते. जुन्या नियमाने ज्याचे पदक गेले तो, ज्यास ते मिळाले तो, आणि ज्या स्त्रीला त्या नियमाने आखाड्याजवळही येऊ दिले नसते ती, अशी तिघे एका व्यासपीठावर उभी होती. तो हवालदार पेर्सनही ह्याच हेलसिंकीत स्वीडनच्या विजयी संघातून सुवर्णपदक घेऊन गेला. जुन्या अटीने काय काय अडवून ठेवले होते, हे हाताच्या काकणाइतके स्पष्ट झाले.

हार्टेलबाईंच्या ह्या यशानंतर थोड्याच आठवड्यांत कोपनहेगनवर पोलिओच्या साथीचे भयंकर संकट कोसळले. १९५२ च्या जुलै ते डिसेंबर ह्या काळात तेथील ब्लेगडाम रुग्णालयात सुमारे २,७०० रोगी आले, आणि त्यांपैकी तीनशेहून अधिक जणांचा श्वासच चालेना. श्वास चालविणारी यंत्रे अगदी थोडी. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या डॉक्टरांनी रोग्याच्या गळ्यास छेद देऊन नळी बसविण्याचा व रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देत राहण्याचा मार्ग काढला. वैद्यकीय व दंतवैद्यकीय शाखांचे सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, रोग्यांच्या उशाशी बसून हातांनी त्यांना श्वास देत राहिले. अनेक जीव वाचले, आणि आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया तेथे घातला गेला. परंतु जे वाचले त्यांपैकी कित्येक लुळे होऊन वाचले. अशा शहरात, अशा वेळी, एका पोलिओग्रस्त आईने जगातील उत्तम स्वारांमध्ये दुसरा क्रमांक मिळविल्याची बातमी किती घरांना धीर देऊन गेली असेल, ह्याची वाचकांनीच कल्पना करावी.

चार वर्षांनी, १९५६ साली, ऑलिंपिक सामने ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे भरले. परदेशी जनावरांना तेथील कायद्याने दीर्घकाळ विलग ठेवणे भाग असल्यामुळे अश्वारोहणाचे सामने त्याच वर्षीच्या जून महिन्यात स्वीडनमधील स्टॉकहोम येथे घेण्यात आले. तेथे हार्टेलबाई पुन्हा ज्युबिलीवर बसून उतरल्या, आणि पुन्हा सेंट सीर ह्यांच्या पाठोपाठ दुसऱ्या आल्या. तिसरा क्रमांक जर्मनीच्या लिझेलॉट लिन्सेनहोफ ह्यांचा. चार वर्षांपूर्वी ज्या प्रकारात स्त्रियांस प्रथम प्रवेश मिळाला, त्यातील तीनांपैकी दोन पदके आता स्त्रियांकडे गेली होती. ह्याच सामन्यांपासून उड्यांच्या स्पर्धाही स्त्रियांना खुल्या झाल्या, आणि १९६४ साली तिसरे दारही उघडले. पहिले यश हे जणू योगायोगाने मिळाले असे कोणी म्हणू शकतो. दुसऱ्या यशाबद्दल तसे म्हणता येत नाही. मायदेशी तर १९५२, १९५३, १९५४, १९५६ व १९५९ अशी पाच वेळा त्यांनी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. दुखण्यापूर्वीच्या दोन धरून एकूण सात. म्हणजे निरोगी पायांनी दोन आणि लुळ्या पायांनी पाच!

स्पर्धेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली विद्या शिष्यांस दिली, आणि पोलिओग्रस्तांच्या साहाय्यार्थ निधी उभारण्याच्या कामी आपल्या नावाचा उपयोग करू दिला. त्यांच्या उदाहरणामुळे युरोपात एका नव्या उपचारास चालना मिळाली. घोडा पावलापावलाने चालत असता त्याच्या पाठीवरील माणसाची कंबर अशा लयीत हलते की जणू तो माणूस स्वतःच चालत आहे. ज्यास पायांनी चालता येत नाही त्याच्या पाठीच्या व कमरेच्या स्नायूंना ह्यामुळे चालण्याचा व्यायाम होतो, तोल सुधारतो, आणि नेहमी खुर्चीवरून वर मान करून जगाकडे पाहणाऱ्यास क्षणभर उंचावरून जग दिसते. नेदरलँड्समध्ये अपंगांना स्वारी शिकविणारी एक संस्था हार्टेलबाईंच्या नावानेच काम करते. १९९६ च्या अटलांटा येथील पॅरालिंपिक सामन्यांपासून अपंग स्वारांसाठी ड्रेसाजच्या स्पर्धा होऊ लागल्या. १९९२ साली डेन्मार्कने त्यांचा समावेश आपल्या क्रीडावीरांच्या मानाच्या यादीत केला. १२ फेब्रुवारी २००९ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

असो. आता ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे, ह्याविषयी दोन शब्द लिहून आम्ही लेखणी ठेवू.

पोलिओ ही आपणांस परकी गोष्ट नव्हे. आमच्या पिढीतील शिक्षकांच्या वर्गांत, लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून किंवा गुडघ्यावर हात टेकून चालणारे एखादे मूल हमखास असे. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत आढळला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. घरोघर जाऊन मुलांच्या तोंडात दोन थेंब घालणाऱ्या असंख्य कार्यकर्त्यांचे हे पुण्य आहे. परंतु रोग गेला तरी तो ज्यांच्या अंगावर आपली खूण ठेवून गेला ती माणसे आपल्या घरांत, आपल्या वयाची, हयात आहेत; आणि अन्य कारणांनी अपंगत्व आलेली मुले आजही जन्मास येतात. अशा मुलास चांगले जेवूखाऊ घालावे, त्याची दया करावी, आणि पाहुणे आले की त्यास आतल्या खोलीत बसवावे, अशी रीत आपण पुष्कळ सुशिक्षित घरांतही पाहिली आहे. मुलींच्या बाबतीत तर विवाह आणि मूल हीच सबब पुरते. अपंगत्वाचीही गरज लागत नाही.

हार्टेलबाईंना दयेचा काही उपयोग झाला नसता. त्यांना तीन गोष्टींची गरज होती: खोगिरावर चढविणारा हात, शिकविण्याचे न सोडणारा गुरू, आणि उघडे दार. हात त्यांना घरच्यांनी दिला, विद्या अँडरसन ह्यांनी दिली, दार नियम बदलल्याने उघडले. चौकातील परीक्षा मात्र त्यांनी एकट्यांनी दिली, आणि तेथे कोणाची सवलत घेतली नाही. मदत आणि सवलत ह्यांतील हा भेद आपण नीट समजून घेतला पाहिजे. दाराशी पोचण्यास जो हात लागतो तो देण्यात घेण्यात कमीपणा नाही. पुढील गुण ज्याचे त्याने मिळवावयाचे. परंतु ज्यास दाराशी पोचूच दिले नाही त्याचे गुण कोणी व कोठे मोजावे?

आमच्या ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील अशा एखाद्या मुलाकडे, किंवा लग्नानंतर विद्या व कला बाजूस ठेवलेल्या सुनेकडे, ह्या दृष्टीने एकदा पाहावे. तिच्या किंवा त्याच्या अंगी काय नाही, हे सर्वांस पाठ असते. काय उरले आहे, ह्याची यादी करण्यास कोणी तरी एकाने बसावे. एल्से होल्स्ट ह्या आईने तेच केले होते. आणि त्या यादीत दोन पाय नव्हते.